खंड दुसरा

आषाढातल्या एका सोमवारी, पावसाची एक सर ओसरून दुसरी यायच्या मधल्या वेळात, मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या पडवीत छत्री मिटवत उभी होते. भिंतीवरच्या फळ्याकडे सहज नजर गेली आणि तिथे एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. 'सभासद क्र. ४१ : तुंबाडचे खोत, खंड पहिला' ही ओळ माझी, ती तिथे तीन आठवडे होतीच. तिच्याखाली त्या दिवशी नव्याने आलेली ओळ अशी होती : 'सभासद क्र. १४ : तुंबाडचे खोत, खंड दुसरा'. चौदा हा क्रमांक माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात आली तेव्हा मी ओटी भरायला गेले होते. त्यानंतर आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. मी फळ्यासमोर थबकलेली पाहून ग्रंथपाल मुलगी आतूनच म्हणाली, "आत्या, मी काकांना सांगितलं होतं, पहिला खंड तुमच्याकडे आहे, परत आला की बाजूला काढून ठेवते. तर म्हणाले, राहू दे, दुसराच दे."

राहू दे, दुसराच दे.

माझे सासर खालच्या वाडीत आणि माहेर वरच्या वाडीत. मध्ये एक पऱ्या आहे, जो उन्हाळ्यात असून नसल्यासारखा असतो आणि आषाढात दोन वाड्यांना एकमेकींचे बोलणे ऐकू येऊ देत नाही. त्याच्यावरचा साकव ओलांडून घरी येईपर्यंत मी त्या वाक्याचे निरनिराळे अर्थ लावत होते. दुसरा खंड आधी कोण वाचायला घेतो? त्यातही दादा हा असा माणूस, की जो वर्तमानपत्रसुद्धा पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून क्रमाने शेवटच्या पानापर्यंत जातो आणि मधूनच कोणी क्रीडा पान ओढले तर दिवसभर घुश्शात असतो. त्याने मधूनच गोष्ट धरली असेल तर त्यामागे काहीतरी असणार. तू अडवून बसली आहेस ते बस, उरलेले मी घेतो, असे त्याला सांगायचे होते का? की आपली बहीण काय वाचते आहे हे त्याला कुठूनही सुरुवात करून पाहायचे होते? दोन खंडांच्या एका कादंबरीची आम्ही बहीणभावांनी वाटणी करून घेतल्यासारखे ते फळ्यावर दिसत होते, आणि वाटणी हा शब्द त्या दिवसांत मला कुठेच नको होता.

पण मला खरे बोचत होते ते वेगळेच. फळ्यावरची माझी ओळ खोटी होती.

हा फळा म्हणजे गेल्या १५ ऑक्टोबरची, वाचन प्रेरणा दिनाची शिल्लक. दरवर्षी त्या दिवशी आमच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात चार कपाटे पुसली जातात, शाळेची मुले रांगेने आणली जातात आणि अध्यक्ष गुरुजी आपले ठरलेले भाषण करतात. महाराष्ट्रातले सर्वांत जुने सार्वजनिक वाचनालय आपल्या रत्नागिरीचे, १८२८ सालचे; म्हणजे आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, त्याच्याही चार वर्षे आधीचे; तेव्हा वाचन हे कोकणाला कोणी शिकवायला नको, असा त्या भाषणाचा आशय असतो आणि टाळ्या याच जागी पडतात. गेल्या वर्षी नव्याने आलेल्या ग्रंथपाल मुलीने भाषण संपल्यावर शाळेने टाकून दिलेला एक फळा पडवीत टांगला आणि त्यावर 'सध्या वाचनात' असे वळणदार अक्षरांत लिहिले. ज्याने त्याने आपण आत्ता काय वाचतो आहोत ते सांगायचे, तिने ते सोमवारी लिहायचे. नावे लिहिली तर लोक लाजतील म्हणून तिने सभासद क्रमांक लिहायचे ठरवले. पण ज्या गावात खोकण्यावरून माणूस ओळखतात, तिथे क्रमांकाचा आडोसा कितीसा पुरणार? आठवड्याभरात चौदा कोण, एकेचाळीस कोण, हे दुकानावरच्या पोरालाही पाठ झाले.

सुरुवातीला त्या फळ्यावर फार भारदस्त पुस्तके दिसत होती. गावात एवढे तत्त्वज्ञान वाचले जाते हे मला ठाऊक नव्हते. खुद्द गुरुजींच्या क्रमांकापुढे 'ज्ञानेश्वरी, अध्याय १३' असे होते आणि ते पुढे सात महिने तसेच राहिले. तेरावा अध्याय मोठा आहे हे खरे, तरीही. मग एकदा आमचा शिंपी काही कामाने तिथे आला आणि त्याने अगदी गंभीरपणे सांगितले, "माझं लिहा, कालनिर्णय, मागची बाजू." लोक हसले. पण त्या दिवसापासून फळा सुधारला, असे माझे मत आहे. १९७३ पासून घराघरांत खिळ्याला टांगलेल्या त्या कॅलेंडरच्या पाठीमागचा मजकूर जितक्या लोकांनी जितक्या वेळा वाचला असेल, तितका कपाटातला कोणता ग्रंथ वाचला गेला असेल? शिंप्याच्या मागोमाग खरी उत्तरे येऊ लागली. मासे विकायला बसणाऱ्या एका बाईने लेकीचे सातवीचे विज्ञान सांगितले, कारण मुलीला रोज धडा म्हणून दाखवायला लावता लावता तिलाच त्यात गोडी लागली होती. तीन मुलगे पोलीस भरतीचे एकच मार्गदर्शक पुस्तक आळीपाळीने वाचत होते आणि तिघांच्या क्रमांकांपुढे तेच नाव होते. निवृत्त झालेल्या एका कंडक्टरने मागल्या वर्षीचा दिवाळी अंक लिहायला सांगितला. वार्षिक राशिभविष्यातले काय खरे झाले आणि काय नाही, ते तो महिन्यामहिन्याने ताडून पाहत होता आणि प्रत्येक महिन्यापुढे पेन्सिलीने खूण करीत होता. जूनपासून फळा भरू लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात, आणि जाळी सांधून झाली की खलाशांच्या हातांना दुसरे काम नसते. त्या दोन महिन्यांत रहस्यकथांचे कपाट निम्मे रिकामे होते आणि परत आलेल्या पुस्तकांना सुक्या बोंबलाचा वास येतो. मुलगी तो वास घालवायला पुस्तके उघडी करून पंख्याखाली ठेवते. मला तो आवडतो, पण हे मी तिला सांगितलेले नाही.

मी त्या दिवसांत खरोखर काय वाचत होते, ते आता लिहिते. मी सातबारा वाचत होते. गाव नमुना सात, गाव नमुना बारा, आठ अ, आणि सर्वांत जास्त सहा, म्हणजे फेरफार. फेब्रुवारीत दादाने हिरव्या लेजर कागदावर टाईप केलेला हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्याकडे पाठवला होता. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला हे सर्वांना माहीत आहे. पण बहिणीने सही करायची आणि भावाने भाऊबीजेला बरीशी साडी घ्यायची, हा व्यवहार त्या कायद्याहून पुष्कळ जुना आहे. सही करायची नाही असे माझ्या मनात नव्हते. मी एवढेच म्हटले होते, की मी आधी सगळे कागद वाचते. त्यावर दादा म्हणाला, "वाचायचं काय त्यात? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मी म्हटले, "विश्वासाचा काय संबंध? वाचते म्हणाले." तो उठून गेला. माझी उभी नोकरी मुंबईत दुसऱ्यांचे कागद वाचण्यात गेली आणि न वाचता सही करू नका हे मी काउंटरपलीकडच्या हजारो माणसांना सांगितले. पण सख्ख्या भावाच्या बाबतीत वाचणे हीच आगळीक ठरू शकते, याचा मला तोवर अनुभव नव्हता.

जूनमध्ये वाचनालयात गेले तेव्हा मुलीने खडू हातात घेऊनच विचारले, "आत्या, तुमचं काय लिहू?" गुरुजी समोर बसले होते, कंडक्टर होता, वरच्या वाडीतली दोन माणसे पावसाची उघडीप बघत उभी होती. खरे सांगितले असते तर ती ओळ संध्याकाळच्या आत साकव ओलांडून दादाच्या ओटीवर पोहोचली असती. माझ्याकडे मे महिन्यापासून 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड होता. त्याची चाळीसेक पाने वाचून तो मी उशाशी ठेवून दिला होता. मी ते नाव सांगितले. "वा," गुरुजी म्हणाले, "सावकाश वाचण्यासारखं आहे." सावकाश वाचते आहे, असे मीही म्हणाले, आणि त्यात निदान तेवढे खरे होते.

'सध्या काय वाचतोस?' हा प्रश्न माझ्या लहानपणी कोणी कोणाला विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर सगळ्या वाडीला ठाऊक असे. श्रावणात आमच्या पडवीत पोथी लागायची. एका वर्षी हरिविजय, दुसऱ्या वर्षी रामविजय. हरिविजयाचे अध्याय छत्तीस आणि रामविजयाचे चाळीस, त्यामुळे रामविजयाच्या वर्षी जास्त दिवस दोन-दोन अध्याय घ्यावे लागत आणि बायका घड्याळाकडे बघत. वडील वाचायचे आणि बाकी सारे ऐकायचे. पऱ्यावर कपडे धुताना एखादी विचारायची, "काल कुठवर आलं गो? मी मुलाला घेऊन मागल्या दारी होते," आणि दुसरी तिला पुतना कशी मेली ते साबण लावता लावता सांगायची. आपण आज ज्याला वाचलेल्याची देवाणघेवाण म्हणतो ती तेव्हा त्या दगडांवर होत होती आणि तिच्यात जिला अक्षर येत नाही तिलाही पूर्ण वाटा होता. वडिलांच्या हातात नारळाच्या झावळीचा एक हीर असे. घामाने पोथीचे पान खराब होऊ नये म्हणून ते बोटाऐवजी हीर ओळीवरून सरकवत नेत. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि त्या हिराच्या टोकाकडे बघता बघता शाळेत जायच्या आधीच वाचायला शिकले. दादा उजव्या बाजूला कंदील सांभाळून बसायचा. त्याला डुलकी आली की उजेड हलायचा आणि वडील वाचन न थांबवता कोपराने त्याला ढोसायचे. अध्याय संपला की हीर त्या पानात ठेवून पोथी कापडात बांधली जायची. दुसऱ्या दिवशी पोथी सोडताना हीर आहे तिथेच आहे ना, हे बघायचा मान दादाचा होता.

वडिलांनी मला पुस्तके वाचताना कधी अडवले नाही, मात्र एक पुस्तक त्यांनी हातात घेतले नाही आणि ते हेच. 'तुंबाडचे खोत' १९८७ साली आले. मी एक-दोन वर्षांनी दादरच्या वाचनालयातून त्याचे दोन्ही खंड मे महिन्याच्या रजेत गावी आणले होते. त्या वेळी रेल्वे नव्हती, रात्रभर एस.टी.त ते दोन ठोकळे मांडीवर घेऊन आले. आपल्या जिल्ह्यातले, जगबुडीच्या काठचे, चार पिढ्यांचे पुस्तक. वडिलांना आवडेल अशी माझी खात्री होती. त्यांनी मलपृष्ठ वाचले आणि पुस्तक माझ्याकडे परत दिले. "खोतांचं काय वाचायचं? त्यांचे हिशेब ऐकण्यात माझ्या बापाचा जन्म गेला," म्हणाले. आम्ही खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे वतनदार, नव्हे; आम्ही खोतांची कुळे. लेखक कोणत्या नजरेने लिहितो, खोतांचे गुणदोष कसे मांडतो, हे त्यांना सांगण्याचा मी प्रयत्न केला. त्यांनी ते ऐकून घेतले आणि मग विचारले, "आणि हे खंड पहिला, खंड दुसरा काय आहे?" भाग, असे मी म्हटले. ते हसले. त्यांच्या तोंडी खंड म्हणजे खोताला घालायचे भात. अर्धेलीचे अर्धे, तिर्धेलीचा तिसरा हिस्सा, आणि तो खोताच्या दारात आपल्याच डोक्यावरून नेऊन पोहोचवायचा. "दोन खंड घालायची आपली ऐपत नव्हती बाय," ते म्हणाले, आणि हा विनोद ते पुढे कितीतरी दिवस करत राहिले. मी तेव्हाही चाळीस पानांपुढे गेले नाही. एक तर रजा संपली, आणि दुसरे म्हणजे ते समोर सुपारी सोलत बसलेले असताना ती पाने उलटणे मला जड जात होते.

मुंबईत मात्र कोण काय वाचतो हे पाहण्याचा मला छंदच लागला होता. लोकलच्या बायकांच्या डब्यात उभ्याने प्रवास करताना बसलेल्यांच्या हातांतली पुस्तके तिरक्या नजरेने ओळखायची, नाव दिसत नसेल तर पानाच्या माथ्यावरून ताडायचे, आणि कोणी पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले असेल तर ती काय लपवते आहे याची गोष्ट रचायची. माझ्याही पुस्तकांना कव्हर असे. आपण काय वाचतो हे अनोळखी माणसांना कळू नये असे वाटायचे आणि त्याच वेळी एखादीने खांद्यावरून वाकून विचारावे असेही वाटायचे. आता हा छंद संपला. परवा चिपळूणहून दादरला जाताना तुतारी एक्स्प्रेसमध्ये सगळा डबा मान खाली घालून बसला होता. मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेचे नाव लावून धावणारी ही गाडी. तिच्यात कोणी कविता वाचत असेलही, पण फोनची पाठ सगळ्यांची सारखीच असते. त्या दृष्टीने आमचा फळा एक पाऊल मागे आहे आणि मला त्याचे बरे वाटते. त्यावर निदान खोटे तरी उघडपणे लिहावे लागते.

फायलीतल्या कागदांकडे परत येते. वाचत गेले तसतशी मी सहीचा विषय विसरून वाचू लागले. सात नंबरचे एकेक पान म्हणजे नावांची उतरंड असते. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराबा वेगळा, आणि मग माणसे : कोणी मयत म्हणून कंस पडलेले, कोणी वारस म्हणून लागलेले, कोणी मुंबईला गेलेले आणि परत न आलेले. वीस गुंठ्यांच्या एका वरकस तुकड्यावर सदतीस नावे निघाली. फेरफार म्हणजे प्रत्येक नाव आत कसे आले आणि बाहेर कसे गेले त्याची गोष्ट, आणि ती ज्याने लिहिली त्याला भाषेचा सोस नव्हता, म्हणून ती दोन-तीन ओळींत संपते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, त्यानंतरची एक नोंद आहे. १ एप्रिल १९५७ ला कूळ जमिनीचे मालक ठरले, त्यानंतरची कूळकायद्याच्या ३२ ग कलमाची, जमिनीची किंमत ठरवण्याची कारवाई आहे, आणि तिच्या मागोमाग ३२ म चे खरेदीचे प्रमाणपत्र, ज्यात आजोबांचे नाव पहिल्यांदा मालक म्हणून येते. एका जबाबाखाली एक ठरावीक वाक्य आहे : मजकूर वाचून दाखविला, तो खरा व बरोबर आहे. पुढे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', आणि शाईत उमटलेला आजोबांचा अंगठा. त्याच्याही आधीचा एक कागद मोडीत आहे. मला मोडी येत नाही. कागदाच्या तळाशी मात्र कोणीतरी नांगराचे छोटे चित्र काढले आहे. सही न येणाऱ्या कुणब्याची ती निशाणी. त्या अख्ख्या कागदातले मला वाचता आले ते एवढेच. पणजोबांना तो कागद कोणी वाचून दाखवला असेल, जेवढे लिहिले होते तेवढेच वाचले असेल का, हे मी भिंग हातात धरून किती वेळ बघत बसले कोण जाणे. दिवे गेले तेव्हा भानावर आले.

दादाने दुसरा खंड नेल्याचे समजल्यावर मी पहिला खंड पहिल्या पानापासून पुन्हा काढला. आधी केवळ लाजेने. तो तिकडे पुढची गोष्ट वाचत बसला आहे आणि मागची माझ्या उशाशी बंद पडली आहे, हे मला सहन होईना. पावसात पुस्तक जड होते. पाने आर्द्रतेने फुगतात आणि उलटताना वाजत नाहीत. आतल्या शिवणीत कसर लागली होती. डांबराच्या गोळीचा, खळीचा आणि ओल्या कागदाचा असा एक मिश्र वास होता, जो मला थेट शाळेच्या कपाटात घेऊन जातो. शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांच्या दोन चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या होत्या, दोन्ही भरलेल्या. म्हणजे गावात कितीतरी जणांनी हा खंड घरी नेला होता. एका पानाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने 'हे आमच्याकडे झाले आहे' असे लिहिले होते, त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'आमच्याकडेही'. काय झाले ते कोणीच लिहिलेले नव्हते. पुस्तकात लिहू नये हे मला मान्य आहे. पण त्या दोन ओळी कोणी खोडल्या असत्या तर मी भांडले असते. शंभराव्या पानाच्या पुढे केव्हातरी लाज मागे पडली आणि मी नुसती वाचू लागले. वडील असते तर त्यांना कुठली पाने वाचून दाखवावीत, याचा हिशेब मनात आपोआप चालू होता. वाचून दाखवली असती तर त्यांनी ऐकली असती. हातात घ्यायला त्यांचा विरोध होता, ऐकायला नव्हता, हे मला इतक्या वर्षांनी सुचले.

त्यानंतरच्या सोमवारी मी वाचनालयात गेले तेव्हा मुलीने विचारले, "आत्या, अजून तेच ठेवू?" पडवीत कोण उभे आहे ते मी पाहिलेसुद्धा नाही. "दोन चालू आहेत," मी म्हटले. "एक ते, आणि दुसरं फेरफार." ती खडू धरून थांबली. तिच्या घरातही सामाईक सातबारा आहे आणि तिच्याही आईने सही करून दिलेली आहे. तिला कळले नसेल असे मी म्हणणार नाही. "लेखक?" तिने विचारले. मी म्हटले, "तलाठी. बरेच झाले, बदलून गेले." ती हसली नाही. तिने माझ्या ओळीपुढे स्वल्पविराम दिला आणि तितक्याच वळणदार अक्षरात 'फेरफार' असे लिहिले. कंडक्टर पाठीमागून म्हणाला, "फार मोठं पुस्तक आहे ते. आमच्याकडे दोन पिढ्या वाचतायत." परत येताना साकवावर माझे पाय कापत होते. आपण फार धीट काही केले असे वाटत नव्हते. उलट दादाला चारचौघांत टोमणा मारल्यासारखे वाटत होते, आणि खरे बोलण्यात तेही थोडेसे होतेच.

आठवडाभर वरच्या वाडीकडून काही आले नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली, होड्यांवरचे झाप निघाले, डांबर आणि तेल यांचा वास बंदरावरून घरात येऊ लागला. मी पहिला खंड संपवून परत द्यायला गेले. फळ्यावर खलाशांच्या ओळी कमी झालेल्या होत्या. मुलीने खंड घेतला, शिक्का मारला आणि टेबलाच्या खणातून दुसरा खंड काढून माझ्यापुढे ठेवला. "काका परवाच ठेवून गेले. पुरा वाचला नाहीये. म्हणाले, मागचं माहीत नसलं की यातलं कोण कोणाचा कोण ते कळत नाही. पहिला आला की मला द्या, आणि हा तिला." तिला म्हणजे कोणाला, हे तिने विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते. फळा पुसून तिने चौदाच्या पुढे पहिला खंड लिहिला, एकेचाळीसच्या पुढे दुसरा. फेरफार पुसू का, असे विचारले. मी म्हटले, राहू दे, ते अजून चालू आहे.

घरी येऊन पुस्तक उघडले तर मध्यावर, थोडे अलीकडेच, एक हीर होता. नवा, हिरवट, दोन्ही टोके नीट कापलेला. दुसऱ्या खंडाची तारखांची चिठ्ठी अर्धीसुद्धा भरलेली नाही. पहिल्यापाशीच थांबलेले लोक गावात पुष्कळ असावेत. हक्कसोडपत्राचा मसुदा फायलीत आहे, फाईल कपाटात आहे. मी हीर काढला नाही. रोज रात्री जेवणे आटोपली की दहा-बारा पाने वाचते आणि माझी खूण म्हणून एस.टी.चे तिकीट घालून ठेवते. तिकीट आणि हीर यांच्यामध्ये अजून ऐंशी पाने आहेत.